एका बंधूच्या घशासाठी

"कार्सिनोमा आहे," डॉक्टर म्हणाले. मग माझा चेहरा पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं, "म्हणजे कॅन्सर. स्वरयंत्राच्या पडद्यावर आहे, पण लहान आहे. वेळेत आलात." मी "थँक्यू" म्हणालो. कॅन्सर झाल्याबद्दल आभार मानणारा मी काही पहिलाच पेशंट नसेन.

चार महिने आवाज बसला होता. आधी हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या, शेजाऱ्यांचे सल्ले झाले. मग लॅरिंगोस्कोपी केली, म्हणजे बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला. नंतर बायोप्सी, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासणी. दर वेळी नर्स विचारायची, "काका, सोबत कोण आहे?" मी म्हणायचो, "येतायत." कुणी येत नव्हतं.

विमलला, माझ्या बायकोला, जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा सुहास सॉफ्टवेअरमध्ये. हिंजवडीच्या कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं आणि तो तिथेच रमला. फोनवर आवाजाचं विचारायचा, तेव्हा मी "सर्दी" म्हणायचो. तो बिचारा विश्वास ठेवायचा.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मला एकच काम उरलं होतं. चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत प्रार्थनाविनंत्या वाचणं. लोक चिठ्ठ्या लिहून पेटीत टाकतात, पाळकसाहेब प्रार्थना करायच्या आधी मी त्या मोठ्यानं वाचतो. कुणाचा गुडघा, कुणाचा व्हिसा, कुणाच्या मुलीचं जमत नाही. आठवड्यातून एकदा माणसं माझ्याकडे पाहायची. आवाजच गेला तर मी कुणाचा कोण? खरं सांगतो, मरणापेक्षा मला याचीच भीती जास्त वाटत होती.

कॅन्सर कळल्यानंतरच्या रविवारी मी स्वतःच एक चिठ्ठी लिहिली. नाव घातलं नाही. "एका बंधूच्या घशासाठी," एवढंच. बाकीच्या चिठ्ठ्यांच्या मधोमध सरकवली आणि पाळी आल्यावर वाचलीही. त्याच घोगऱ्या, फाटक्या आवाजात. तो बंधू कोण, हे अख्ख्या मंडळीला कळलं. मंडळीला कळलं, हे तेवढं मला कळलं नाही.

उपासना सुटल्यावर मार्थाबाईंनी गाठलं. निवृत्त शाळामास्तरीण, आमच्या मंडळीत सगळे त्यांना वचकून असतात. "सलाम," त्या आमच्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे म्हणाल्या. "त्या बंधूंना माझा निरोप द्या. दवाखान्यात एकट्यानं जाऊ नका म्हणावं. आणि पुढच्या वेळी चिठ्ठी दुसऱ्या कुणाच्या घशातून वाचून घ्या म्हणावं."

मी "सांगतो" म्हणालो आणि सोमवारी एकटाच गेलो.

रेडिएशन म्हणजे किरणांचा उपचार. शनिवार-रविवार सोडून रोज, सहा आठवडे. तुमच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवतात आणि तो टेबलाला पक्का बसवतात, कारण जराही हलायचं नसतं. ज्यांना हे पुढे करायचं आहे त्यांना सांगतो, किरणं देताना काहीही दुखत नाही. दुखतं ते दोन-तीन आठवड्यांनी, गिळताना. साधा वरणभात मऊ करून खाताना डोळ्यांत पाणी यायचं.

पण खरं अवघड असतं ते दार. सगळे बाहेर जातात, जाड दार लागतं, आणि खोलीत तुम्ही आणि मशीन. मी सवयीनं प्रार्थना करायचो. बाहेर बाकावर शेजारी बसणाऱ्या मार्केट यार्डातल्या हमालासाठी, त्याच्या बायकोसाठी, नर्ससाठीसुद्धा. यादी म्हणायची मला सवयच होती. त्यात माझं नाव कधी आलं नाही. आपलं काय मेलं, चाललंय, असं वाटायचं.

चौथ्या आठवड्यात आवाज पूर्ण गेला. त्या रविवारी मार्थाबाईंनी न विचारता माझ्या हातातून चिठ्ठ्या घेतल्या. सगळ्या वाचल्या. शेवटी हात रिकामा झाल्यावर म्हणाल्या, "आपले शांतवन बंधू आजारी आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते घरी एकटे असतात. त्यासाठीही प्रार्थना करू."

मला भयंकर राग आला. चारचौघांत माझं घर उघडं केल्यासारखं झालं. आजार मी लपवला होता, ते ठीक. पण त्यांनी बरोबर त्याच्या खालचं दुखणं काढलं होतं. सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा मी उघडेच ठेवले. माझ्यासाठी मिटलेले एवढे डोळे मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि राग कुठे गेला ते कळलं नाही.

औषधपाण्याची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. गाठ गेली. आवाज घोगराच राहिला. तपासणीला अजून जातो. पण मला सांगायचं आहे ते मार्थाबाईंनी चिठ्ठ्या वाचल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीचं, सोमवारचं.

दार लागलं. यादी आठवेना. मग मनातल्या मनात म्हणालो, "देवा, मी शांतवन. मला भीती वाटते. मी फार एकटा पडलोय." काही उत्तर आलं नाही, उजेड पडला नाही. मशीन घरघरत राहिलं. पण त्या खोलीत कुणीतरी ऐकतंय, एवढं मला पक्कं वाटलं. तेवढ्यात स्पीकरवरून टेक्निशियन मुलगी म्हणाली, "काका, रडू नका ना प्लीज, मास्क हलतोय."

बाहेर आलो आणि घरी न जाता स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत शिरलो. सुहासला ईमेल लिहायला बसलो. सर्दीची गोष्ट खोटी होती, कॅन्सर आहे, हे लिहिलं. पुढचं लिहायला अर्धा तास लागला. देवाला सांगून झालं होतं, पण मुलाला सांगायला त्याहून जास्त धीर लागला.

"मला भीती वाटते," एवढं लिहिलं, आणि पाठवलं.