बोडीवरचा आराम

आरामासाठी इतकी धावपळ करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. हे माझे सिंदेवाहीचे घरमालक. सहावीतून शाळा सोडून, घरी न सांगता, मी साताऱ्याकडून तिकडे गेलो आणि धानाच्या गिरणीत वजनकाट्यावर कामाला उभा राहिलो. नोकरी आज जाते की उद्या, या धास्तीत खोली शोधत होतो. त्यांनी एकच विचारलं, "पोहता येते का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग राहा इथीच. शिकवतो." ते उपकार मी विसरलेलो नाही.

त्यांची एक बोडी होती. मातीची पाळ घालून अडवलेलं पावसाचं पाणी, एवढीच. वाटणीत तिच्या पाण्यावरच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, धाकट्या भावाकडे गेल्या, बोडी यांच्याकडे आली आणि दोघांचं बोलणं थांबलं. तेव्हापासून हे पाणी फक्त मौजेसाठी. पोहायला येणाऱ्यानं आधी एक टोपलं माती पाळीवर टाकायची, हा तिथला कायदा. एका तहसीलदारांनीही कोट काढून टोपलं उचललं होतं. बुंधा कोरून केलेल्या डोंग्यात, त्या छोट्या होडीत, यांनी आरामखुर्ची ठोकली होती. पाहुण्याला त्यात बसवून स्वतः काठानं धावत ओरडायचे, "पाय हालवू नका जी, मासे भितेत!" खेकड्यांनी पाळ पोखरली की काय, म्हणून मध्येच मातीला कान लावायचे. त्या खुर्चीत ते स्वतः बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

एका वर्षी पोळ्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. भावाचं धान निसवायला आलं, आणि ऐन लोंब्या फुटायच्या वेळी जमिनीला भेगा पडल्या. भाऊ मागायला येईना, हे विचारायला जाईनात. आठ दिवस पाळीवर यांच्या येरझारा चालल्या होत्या. मी भीत भीत यांना म्हटलं, "पाणी सोडलं तर पुढच्या पावसापर्यंत बोडी कोरडी."

"मले का समजत नाई? काऊन सांगून राह्यले?" माझ्यावरच खेकसले. मग धोतर खोचून पाण्यात उतरले आणि पाणी सोडायच्या मोरीतला बोळा स्वतः उपसून काढला.

दोन दिवसांत तळाचा चिखल दिसू लागला. बांध्या भरल्या. भाऊ बांधावर उभा राहून पाणी फिरवत होता, पण त्यानं मान वर केली नाही. यांनीही हाक मारली नाही.

त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसले. बराच वेळ गुडघे हलवत राहिले.

"तुमचा भाऊ हाये का जी घरी?"

"आहे. मोठा."

"पत्र टाकता त्याले?"

मी नकारार्थी मान हलवली. पत्ता कळला तर तो न्यायला येईल, या भीतीनं मी कधी लिहिलंच नव्हतं.

"टाका," ते म्हणाले. "मी बसतो इथी."

चारच ओळी होत्या. त्या लिहायला मला खूप वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ तो माणूस एका जागी बसून होता.