देवबागच्या खाडीत पारखलेला पत्रा

चूक माझी नव्हती, हे मी वेल्डरला सांगितलं, दिराला सांगितलं, कोल्हापूरच्या एजंटाला फोनवर ओरडून सांगितलं. एकाचाही विश्वास बसला नाही. तुम्ही तरी चहा संपेपर्यंत ऐका आणि मग काय ते म्हणा.

मसुऱ्याच्या अलीकडे आमचा खडीचा क्रशर आहे. नवरा वारल्यापासून तो मी चालवते. चावी माझ्या कमरेला असते. दीर विश्राम कामाला वाघ, पण त्याचा एक डोळा कायम चावीवर.

क्रशरला एक चुट असते. दगडांची घसरगुंडी म्हणा ना. काळा दगड दिवसभर तिच्यावरून घासत खाली येतो. तिच्या तळाला जाड पत्रा लावतात, म्हणजे दगडानं झिजायचं ते त्या पत्र्यानं झिजावं, यंत्रानं नव्हे. आमचा पत्रा झिजून पापड झाला होता. नवा घ्यायचा, म्हणून कोल्हापूरहून एजंट आला.

"वहिनी, ही खास प्लेट घ्या," तो म्हणाला. "झीज सोसण्यासाठीच बनवलेली आहे. दगड कितीबी घासू दे."

एजंट सांगेल ते मी घेईन काय? मी म्हटलं, "तुझ्याकडे जेवढ्या जातीचं लोखंड आहे, त्या सगळ्याचा एकेक तुकडा दे. मी पारखून घेणार."

"देतो. पण त्यातलं एक स्टेनलेस आहे बघा. ते हॉटेलातल्या ओट्यांना वापरतात."

"तू दे. ओटा का क्रशर, ते मी बघते."

आता पारखायचं कसं? माझं माहेर देवबाग. वडील होडीसाठी खिळे घ्यायचे तर आधी मूठभर खिळे सुतळीला बांधून खाडीत सोडायचे. गंज चढला की दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन ओतायचे. आमच्याकडे लोखंडाची परीक्षा खारं पाणी घेतं. त्याच्यापुढे कोणाची हुशारी चालत नाही. मी तुकडे पिशवीत घातले, माहेरी गेले आणि भावाच्या धक्क्याच्या खांबाला बांधून पाण्यात सोडले.

भाऊ बघत होता. म्हणाला, "गो बाय, तुजो क्रशर दर्यात चलता काय?"

"तू तुझी होडी बघ."

बऱ्याच दिवसांनी तुकडे वर काढले. साधं लोखंड लालभडक. एजंटाची ती खास प्लेट, तीही लालभडक. आणि स्टेनलेस? नुकत्याच धरलेल्या पापलेटासारखं लखलखीत. बोला आता.

मी एजंटाला बोलावून तुकडे त्याच्यासमोर मांडले. तो डोक्याला हात लावून बसला. "वहिनी, गंज वेगळा आणि झीज वेगळी. ही प्लेट दगडासाठी आहे, पाण्यासाठी नाही."

"जी पाण्याला टिकत नाही ती दगडाला काय टिकणार? दगड पाण्यापेक्षा मऊ असतो काय रे?"

त्यानं वही काढली आणि स्टेनलेसची ऑर्डर लिहून घेतली. मला वाटलं, जिंकले.

विश्राम मध्ये पडला. "वयनी, जो इकता तेका म्हायत आसतला. आयक जरा."

"माका शिकव नको," मी म्हटलं. "माझो पत्रो फुटलो, तर ही चावी तुझ्या हातात देतंय. मगे तू चालव क्रशर."

हे मी सगळ्या ट्रक ड्रायव्हरांसमोर बोलले. तोंडाला कुलूप घालायची अक्कल तेव्हा कुठे गेली होती कोण जाणे.

पत्रा आला. आमचा पास्कू वेल्डर तो कापताना म्हणाला, "बाय, ह्या मऊ लागता माका."

"तू जोड."

त्यानं जोडला. काय दिसत होता म्हणून सांगू. ड्रायव्हर त्यात बघून भांग पाडायचे. गंमत म्हणजे दिवस जात होते तसा पत्रा आणखीच चमकत होता. मी विश्रामला मुद्दाम ओढून दाखवायला नेलं. त्यानं बाहेरून बोटानं टकटक केलं.

"वयनी, पातळ झाल्यासारखो वाटता."

"भांडा घासला की चमकता, तसो चमकता तो."

तुम्हाला कळलं ना काय चाललं होतं ते? मला नाही कळलं. मी आपली खूश. शेजारच्या गावच्या क्रशरवाल्या पेडणेकरांना निरोप धाडला, पत्रा कसा निवडावा ते येऊन बघा. ते बिचारे आले. मी त्यांना चुटखाली उभं करून खाडीची सगळी हकिगत सांगत होते, तेवढ्यात वरून मोठा आवाज झाला. पत्रा मधोमध फाटला आणि दगडांचा ढीग खाली सावलीला लावलेल्या विश्रामच्या नव्या मोटारसायकलवर पडला. आम्ही उड्या मारून बाजूला झालो म्हणून वाचलो.

पेडणेकरांनी धोतर झटकलं आणि वर बघितलं. "पत्रो बरो आसा हां, वयनी. आरपार दिसता."

क्रशर बंद. विश्राम मोटारसायकलकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. नुसता हात पुढे केला. "चावी."

"थांब. आधी चूक कोणाची ता ठरांदे."

मी पास्कूला धरलं. तो म्हणाला, "जोड बघ बाय, शाबूत आसा. भोक मधी पडला." मी एजंटाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी धावत आला आणि परत तेच, गंज वेगळा, झीज वेगळी. मी म्हटलं, तू नीट समजावलं नाहीस. विश्रामला म्हटलं, तुझीच नजर लागली. भांडण काही मिटेना. तेव्हा आमच्याकडे करतात तेच मी केलं. सगळ्यांना घेऊन ग्रामदेवाकडे गेले आणि कौल लावायला सांगितला.

गुरवानं देवाच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. ज्याचं नाव घेतलं त्याची चूक असेल तर उजवी पडणार, नसेल तर डावी. त्यानं गाऱ्हाणं घातलं, आम्ही "होय म्हाराजा" म्हटलं.

पहिलं नाव एजंटाचं. कोल्हापूरचा माणूस हात जोडून घामाघूम झालेला. डावी पडली.

पास्कूचं नाव घेतलं. डावी. तो दाराबाहेर टोपी काढून उभा होता. म्हणाला, "तुमच्या देवाक माझे थँक्यू सांगा."

विश्रामचं नाव मी जरा जोरातच घेतलं. डावी.

गुरव माझ्याकडे वळला. "आता कोण रवलो, बाय?"

"खाडी," मी म्हटलं.

"खाडयेन पत्रो इकत घेतलो नाय. देवाक माणसाचा नाव लागता."

एजंट खांबाकडे बघत होता. विश्रामनं मान खाली घातली होती, पण कान टवकारलेले मला दिसत होते. गुरवानं नव्या पाकळ्या लावल्या. मी कमरेची चावी सोडून हातात घेतली. देवाला संपूर्ण नाव सांगायचं असतं, स्वतःचं, नवऱ्याचं, मग आडनाव. म्हणून मी घसा साफ करून सावकाश सुरुवात केली. पण नवऱ्याच्या नावापर्यंत पोहोचायच्या आतच उजवी पाकळी खाली. देवाला तेवढंच पुरलं: द्वारका.