आर्लिस आणि बिनखिशाचे झगे

आमच्या गावात कुणाचा कोट काळा आणि कुणाचा नुसताच मळखाऊ, हे ठरवायचा अधिकार एकट्या आर्लिस टॉलेफसनकडे होता. तो तिला कुणी दिला नव्हता, तिनेच घेतला, आणि परत मागायची कुणाची छाती झाली नाही. रविवारी चर्चच्या दारात पास्टर हात मिळवायला उभे राहत आणि त्यांच्या शेजारी आर्लिस. पास्टर माणसाच्या आत्म्याची विचारपूस करीत, आर्लिस त्याच्या खांद्यावरची लव टिपून घेई.

"ऑर्लिन, टॉवेलांबरोबर धुतलास ना हा सदरा?"

"मशीन अर्धं रिकामं जात होतं गं."

"मग जाऊ द्यायचं. टॉवेल लव सोडतो आणि सदरा ती धरतो. एवढं तुझ्या गाईलासुद्धा कळेल."

"माझी गाय सदरा घालत नाही," ऑर्लिन म्हणाला.

हा ऑर्लिन एंगेन आमच्या चर्चच्या गायकांत वरच्या पट्टीत गातो. मी त्याच्या मागे खालच्या पट्टीत घुमतो, आणि आमच्याही मागे शेवटच्या रांगेत आर्लिस.

तिच्या घरचं धुणं म्हणजे एक सोवळंच होतं. उलटा केल्याशिवाय कपडा मशीनमध्ये जायचा नाही. मशीन ठासून भरायचं नाही. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर, आणि दर वेळी ड्रायरची लव अडकणारी जाळी पुसून लख्ख. नवरा वर्डेल शेतावरून आला की दारातच हात वर करून उभा राही आणि ती त्याचे खिसे उलटे करी. एक कागदी रुमाल खिशात राहिला तर सगळ्या धुण्यावर बर्फ पडतो, हे तिचं ठाम मत. "लग्नापासून रोज झडती चालू आहे, पण अजून माझ्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही," वर्डेल कॉफी पिताना अभिमानाने सांगे.

पण तिचा खरा मान होता तो गायकांच्या गडद निळ्या झग्यांचा. ते धुणं, वाळवणं, कपाटात टांगणं सगळं तिच्याकडे. कपाटाची किल्ली ती गळ्यात घालायची.

मग नवे पास्टर आले, कीथ नावाचे. तरुण, शहरातले, दाराशी उभं राहण्यात वाटेकरी आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी सगळ्या गावादेखत आर्लिसने त्यांच्याच कोटाचा खिसा उलटा केला. चुरगळलेला कागदी रुमाल निघाला आणि अर्धं बिस्कीट.

पुढच्या तालमीला आम्ही झगे घालून उभे होतो, तेव्हा पास्टर फार गोड आवाजात म्हणाले, "चर्चच्या शताब्दीला बिशपबाई येणार आहेत. ते एकदा पार पडलं की झगे फार्गो शहरातल्या लॉन्ड्रीत देत जाऊ. आर्लिसना जरा विश्रांती मिळेल."

आमच्याकडे विश्रांती हा शब्द सहसा थडग्याच्या दगडावर असतो. आर्लिस "छान" एवढंच म्हणाली. गाणं सुरू झालं, पण मागून तिचा आवाज येईना. मधूनच नाक ओढल्यासारखं ऐकू आलं. आम्ही नॉर्वेहून इथे अमेरिकेत आलेल्यांची नातवंडं. मागे बाई रडत असली की आम्ही पुढे बघून जास्त जोरात गातो.

शताब्दीच्या आदल्या दुपारी तिने चर्चच्या तळघरात झगे धुवायला काढले. शेवटचंच धुणं, म्हणून जाळी दोनदा पुसली. झग्यांना खिसे नसतात, त्यामुळे झडतीचा प्रश्न नव्हता. आम्ही तालमीला उतरलो तेव्हा ड्रायर उघडा होता आणि ती त्याच्यापुढे उभी होती. सगळ्या झग्यांवर कागदाचा भुगा, आणि तो गुलाबी.

गावात गुलाबी कागदी रुमाल एकच बाई घेते. तिच्या गाडीच्या मागच्या काचेत त्यांचा खोका कायम असतो. आम्ही सगळ्यांनी एकदम छताकडे बघितलं.

मग चिकटपट्टी आणली, चिकट बाजू वर करून हाताला गुंडाळली आणि जो तो एकेक झगा घेऊन टिपायला बसला. पास्टर कॉफीचा कप घेऊन खाली आले.

"अरे देवा. कुणाचा होता हा रुमाल?"

ऑर्लिन खाकरला. "माझा. नाक गळतं माझं."

"तू जन्मभर बाहीला नाक पुसलंस, ऑर्लिन," आर्लिस म्हणाली. "आज उगाच सुधारल्याचं सोंग करू नकोस. माझा होता तो. बाहीत खोचला आणि तिथेच राहिला. खिसे तपासायचे एवढंच माझ्या डोक्यात, बाही कोण बघतो."

"पण तालमीत रुमाल कशाला लागला तुम्हाला?" पास्टरांनी विचारलं.

"विश्रांती मिळाली ना तिला," ऑर्लिन झग्यातून मान वर न करता म्हणाला.

पास्टरांनी कप खाली ठेवला, हाताला चिकटपट्टी गुंडाळली आणि ते आर्लिसच्या शेजारी बसून टिपायला लागले. त्यांना काही ते जमत नव्हतं. दोनदा तिने त्यांच्या हातातला झगा उलटा करून दिला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "फार्गोवाले एवढं बसून करायचे नाहीत. किल्ली राहू दे तुमच्याकडेच."

"छान," आर्लिस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बिशपबाईंनी कौतुकाने विचारलं, झग्यांवरचे हे गुलाबी ठिपके खास शताब्दीसाठी का? आर्लिस हो म्हणाली. चर्चमध्ये तिने मारलेली ती पहिली थाप.

त्या हिवाळ्यात तिने प्रत्येक झग्याला आतून एक खिसा शिवला. मी विचारलं, "अगं, एवढं रामायण झाल्यावर खिसा कशाला?"

"तपासायला काहीतरी हवं ना," ती म्हणाली.

आता गाण्याआधी आम्ही झडतीसाठी ओळीत उभे राहतो, सगळ्यांत पुढे पास्टर. ऑर्लिन आपल्या खिशात मुद्दाम एक गुलाबी रुमाल ठेवतो. तो सापडला की आर्लिस त्याला असा काही झापते, की त्या रविवारी मागच्या रांगेतून तिचा आवाज नुसता दणदणत येतो.