साच्यावरची गाठ

दत्तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पायजम्याची नाडी बांधत होतो. रडू यायच्या आधी हसू आलं, याची लाज वाटते. पण दत्तू आणि नाडी हे प्रकरण लालबागच्या आमच्या चाळीत ज्याला माहीत आहे, तो कुणीही हसलाच असता...

कापडगिरणीत आमचे साचे, म्हणजे माग, शेजारी-शेजारी. सूत तुटलं की दत्तू न बघता गाठ मारायचा, तोंडाने माझी टिंगल चालूच. संपात गिरणी गेली, साचे भंगारात गेले. दत्तू एका इमारतीचा वॉचमन झाला आणि तिथेही बसल्या बसल्या सुतळीला गाठी मारत राहिला.

गेल्या वर्षी न्यूमोनियाने त्याला तीन आठवडे आयसीयूत, व्हेंटिलेटरवर ठेवलं. छाती सुधारली, पण घरी आला तो पाण्याचा पेला उचलेना. डॉक्टरांनी समजावलं, इतके दिवस अत्यवस्थ राहिलं की नसा आणि स्नायू कमजोर होतात, ताकद हळूहळू येते. चाळीने मात्र दृष्ट लागण्यापासून वातापर्यंत सगळं सुचवून पाहिलं.

"हातपाय संपावर गेलेत रे," दत्तू म्हणाला. "आपल्या संपासारखं होऊ नये म्हणजे झालं." हे बोलताना तो हसत नव्हता.

घास भरवून घ्यायला त्याची हरकत नव्हती, पण नाडी वहिनींनी बांधायची म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. इलॅस्टिकचा पायजमा आणला तर म्हणाला, बालवाडीत द्या. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला दिलेला चेंडू उशाखाली गेला आणि खिडकीच्या गजाला दोरा आला. रोज तासभर गाठी.

तीन महिन्यांनी एका सकाळी त्याने हाका मारून आख्खा मजला गोळा केला. नाडी स्वतः बांधली होती! वहिनींनी सगळ्यांना चहा केला. त्याने दोन कप घेतले, आणि व्हायचं तेच झालं... बोटांनी जुन्या सवयीने साच्यावरची गाठ मारली होती, ओढाल तितकी आवळणारी. संडास गॅलरीच्या टोकाला. मी कात्री घेऊन धावलो.

"हात लावू नको," दत्तू कळवळून म्हणाला. "तीन महिने लागलेत."

शेवटी पायजमा गाठीसकट खाली सरकवला. कमरेला उरलं होतं काय! पुढे अंगावर मांस आलं, तो पायजमा वर चढेना, तेव्हा त्याने तो मोठ्या मानाने खुंटीला टांगला. जिना उतरून नाक्यापर्यंत जाऊ लागला होता. मग एका दुपारी झोपेतच हृदय थांबलं...

परवा गेलो तर पायजमा तिथेच. वहिनी म्हणाल्या, "भावजी, धुऊन कुणाला तरी द्यावा म्हणते. ती गाठ सुटेल का तुम्हाला?"

सुटली असती. मीही बावीस वर्षं साच्यावर काढलीत.

"नाही सुटायची," म्हणालो. वहिनींनी मान हलवली आणि पायजमा परत खुंटीला लावला.