जखम नाही, कुंकू आहे ते!

शुक्रवारी दुपारी माझं डोकं असं काही फिरलं, की अजून ठिकाणावर आलेलं नाही...

आमच्या लेकीला इतकी वर्षं व्हॅनमधून शाळेत ने-आण करणारे वसंतकाका काल बहारीन सोडून कायमचे कुडाळला गेले. व्हिसा संपला, सामान कार्गोने पुढे गेलं. जाण्याआधी काही हवंय का विचारलं, तर म्हणाले, "वयनी, एकदा माज्या मशिनीच्या पाया पडान येवया. मगे मी जावक मोकळो."

व्हॅन चालवायच्या आधी काका इथल्या एका बर्फाच्या फॅक्टरीत कामाला होते. ती बंद पडली आणि आता तिथे आर्ट सेंटर झालंय. पांढऱ्या भिंती, महागडी कॉफी, आणि मधल्या हॉलमध्ये काकांची ती मशीन, बर्फ गोठवणारा अवाढव्य कॉम्प्रेसर... भोवती दोरी, वरून लाइट!

काकांना घ्यायला हूऱ्याला त्यांच्या बिल्डिंगपाशी गेले, तर इस्त्रीचा शर्ट घालून खाली तयार उभे. देवळात निघाल्यासारखे.

हॉलमध्ये मशीन दिसताच त्यांनी चपला काढल्या आणि दोरीवरून हात पुढे केला. गार्ड धावतच आला. "चाचा, हाथ नहीं लगाने का. चप्पल पहनो." काका इतके ओशाळले... ज्या मशीनवर सगळी उमेदीची वर्षं घातली, तिच्याच पुढे चोरासारखे उभे!

तेवढ्यात मला बाजूचं कार्ड दिसलं. वर कुणा आर्टिस्टचं नाव आणि खाली इंग्रजीत, ही म्हणे 'सापडलेली वस्तू', आणि तिच्यावरचे लाल डाग म्हणजे 'यंत्राच्या जखमा'.

सापडलेली? हरवली कधी होती? आणि जखमा कसल्या डोंबलाच्या... कुंकू आहे ते! दरवर्षी दसऱ्याला ही माणसं मशीन थांबवायची, झाडूनपुसून हळदकुंकू वाहायची, नारळ फोडायची. बहारीनी मालकसुद्धा पेढा खायला हजर असायचे. काकांनी कितीदा सांगितलंय मला हे.

मग मी थेट रिसेप्शन गाठलं. तिथल्या मुलीला म्हटलं, यांना फक्त एकदा नमस्कार करू द्या. ती गोड हसून म्हणाली, "सॉरी मॅम, इट्स ॲन आर्टवर्क."

झालं... माझा आवाज चढला. कार्ड कुणी लिहिलं, कुणाला विचारून लिहिलं, सगळं बाहेर काढलं. कॉफी पिणारे वळून बघायला लागले. मला शांत करायला हॉलमधला गार्डही तिकडे आला.

मुलगी म्हणाली, मेल करा, आमची टीम विचार करेल, इंशाल्ला. मी म्हटलं, उद्या विमान आहे त्यांचं, तुमची टीम विचार करणार कधी?

पण नियम म्हणजे नियम. हरलेच मी. आता काकांना काय तोंड दाखवू म्हणत वळले, तर काका मागेच उभे. चपला पायात, हात मागे बांधलेले... आणि कपाळावर काळ्या तेलाचा हा एवढा ठिपका!

"वयनी, भांडान पुरे आता," ते हळूच म्हणाले. "माजा काम झाला. खलास."

गार्डने त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, मग रिकाम्या हॉलकडे पाहिलं... आणि हळूच आपल्या जागेवर परत गेला. भला माणूस.

गाडीत मी टिश्यू पुढे केला. काकांनी मान हलवली. म्हणाले, "ऱ्हवांदे."

राग अजून गेलेला नाही. ते कार्ड बदलेपर्यंत मी मेल पाठवत राहणार आहे. पण ज्या भांडखोरपणाबद्दल माहेरी-सासरी जन्मभर बोलणी खाल्ली, त्याच्या आडून एक माणूस आपल्या मशीनच्या पाया पडून आला... देवाने मला एवढा मोठा आवाज दिला, त्याबद्दल परवा पहिल्यांदाच त्याचे आभार मानले.