टिपणात न लिहिलेला प्रश्न

आमच्या गावाजवळ रसायनांचा कारखाना यायचा होता, तेव्हा शाळेच्या पटांगणात जनसुनावणी झाली. कामकाज कन्नडमध्ये आणि गाव बोलणार मराठीत, म्हणून सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांनी मला, शाळेच्या मास्तरला, टिपण लिहायला बसवलं. विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला करणाऱ्या शेजारच्या अक्का उठून म्हणाल्या, "हिरीचं पाणी नासलं तर कोण नीट करून देणार?"

पर्यावरण व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तकं मी निवृत्तीनंतर वाचली. बिघडवेल त्यानेच निस्तरावं, हे त्यातलं तत्त्व अक्कांनी त्या दिवशीच सांगितलं होतं. साहेब हळूच म्हणाले, "एवढं कशाला लिहिता?" मी कन्नडमध्ये लिहिलं, गावाची हरकत नाही. मला कोणी धमकावलं नव्हतं. साहेबांशेजारची खुर्ची मला आवडली होती, एवढंच.

आज अक्कांच्या विहिरीच्या पाण्याला जनावरंही तोंड लावत नाहीत.

गेल्या महिन्यात कारखाना वाढवण्यासाठी पुन्हा सुनावणी झाली. मी उभा राहून सगळं सांगून टाकलं. नवे साहेब इकडलेच, मराठी बोलणारे. म्हणाले, "मास्तर, जुनं कामून उकरायलात? बसा."

मागून अक्का ओरडल्या, "बसू नको! तवा बसूनच तर घोळ केलास!"

लोक हसले. मीही हसलो, पण बसलो नाही. साहेबांनी अक्कांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत टिपणात लिहून मला वाचून दाखवला, मगच बसलो. उत्तर अजून आलेलं नाही. ते लेखी मिळेपर्यंत मी प्रत्येक सुनावणीत उभा राहणार.