इवोरची बाजू

एलुनेदच्या गाडीची डावी बाजू तिची आणि उजवी इवोरची, ही वाटणी लग्नानंतर लवकरच झाली होती. गाडी म्हणजे मागे बिछाना, शेगडी आणि चहाचं कपाट असलेली जुनी कॅम्पर. वेल्सच्या त्या टोकाला, जिथे तिन्ही बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला मेंढ्या, तिथली खारी हवा लोखंडाला सोडत नाही. म्हणून दर ऑक्टोबरात गाडी हिवाळ्यासाठी आत ठेवण्याआधी दोघं नवरा-बायको तिच्याखाली पाठीवर पडून मागच्या चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी पाट्यांना लेप लावायची.

लेप कसला, यावर मात्र उभ्या संसारात त्यांचं एकमत झालं नाही. एलुनेद मेंढपाळाची लेक. तिचा सगळा भरवसा लोकरीच्या चरबीवर. इवोर दुधाचा टँकर चालवायचा, आणि त्याचा काळ्या डांबराखेरीज कशावर विश्वास नव्हता.

"मेंढी गंजत नाही म्हणून गाडी गंजणार नाही? धन्य आहे तुझी," तो म्हणायचा.

"तुझ्या डांबराखाली मीठ कोंडून बसतं. एक दिवस कळेल," ती म्हणायची.

शेवटी डावा पाटा चरबीचा आणि उजवा डांबराचा ठरला. पुढे पुढे तिच्या चरबीचा डबा अर्ध्यातच संपायला लागला. ती कुरकुरली की इवोर पलीकडून म्हणायचा, "तूच थापतेस. पावाला लोणी लावल्यासारखी." तिला ते पटायचं, कारण हात सैल सोडून वाढणं हा तिचा स्वभावच होता. गावात तीन एलुनेद होत्या, म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी ही ‘एलुनेद पुडिंग’. मुलांच्या ताटात तांदळाचं पुडिंग असं पडायचं की चमचा उभा राहावा.

गाडीचं खरं नुकसान केलं ते त्यांच्या सुखाने. बिछान्यातून लाटा दिसाव्यात म्हणून इवोर गाडी थेट गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरवायचा, आणि भरती चाकांपर्यंत आली तरी, "अजून एक कप घेऊ, मग काढतो," म्हणायचा. तो एक कप कधी एक नसायचा. आज आठवलं की तिला वाटतं, गंजली तर गंजली, ते दिवस होतेच तसे.

आणि ऑगस्टात आयस्तेदवोद. त्या आठवड्यात गायला, आणि त्याहून जास्त इतरांनी किती वाईट गायलं हे बोलायला, सगळा वेल्श मुलूख एका माळावर जमतो. फिरत्या घरांच्या रांगा लागतात. त्या रांगेत पाऊस आला की शेजारीपाजारी एलुनेदच्याच गाडीत कोंबून बसायचे, बारा ब्रिथ या मनुकांच्या वेल्श पावाच्या जाड फोडींवर लोणी आणि गप्पा.

तीन वर्षांपूर्वी इवोर गेला. तेव्हापासून ती दोन्ही बाजू एकटीच करायची. डावीला चरबी, उजवीला डांबर. त्याच्या बाजूला हात लावायचा तर त्याच्याच पद्धतीने, हे तिने कुणाशी न बोलता ठरवून टाकलं होतं.

यंदा जूनमध्ये वार्षिक तपासणीत गाडी नापास झाली. उजवा पाटा. लेक फोनवर म्हणाली, "आई, हॉटेलात रहा ना. अंघोळीला गरम पाणी तरी मिळेल."

"हॉटेलात राहून आयस्तेदवोद? त्यापेक्षा घरी बसून टीव्ही बघेन," एलुनेद म्हणाली आणि गाडी घेऊन इदवालकडे गेली. इदवालचं गॅरेज गावाच्या वरच्या अंगाला. त्याला सगळे ‘इदवाल पाना’ म्हणत.

गाडी उचलून त्याने उजव्या बाजूचं डांबर खरवडलं. थरावर थर निघत गेले, आणि खालून पाट्याचे पापुद्रे सुटून त्याच्या बाहीवर पडले. मग त्याने डावीकडे फडकं फिरवलं. लोखंड निळसर, धडधाकट.

"तुझी बाजू जिंकली गं," इदवाल म्हणाला.

हे वाक्य ऐकायला तिने अख्खा संसार वाट पाहिली होती. आता ते ज्याच्या नाकावर टिच्चून सांगायचं, तोच नव्हता. इवोरच्या अंत्यविधीलाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"नवा पाटा बसेल ना?"

"बोल्ट निघाले तर. पण ते गंजून धरले असणार. गॅसने जाळून काढायला गेलो तर वरची सांगाड्याची पट्टीही हातात येईल. ती आली की गाडी भंगारात."

"आधी जाळू नकोस. पाना लाव."

"वेडी आहेस का? असल्या बाजूचा बोल्ट पान्याने निघतो होय?"

"हेच इवोरने सांगितलं असतं तर वाद घातला असतास का? लाव म्हणते ना."

इदवालने पाना लावला, त्यावर लांब पाइप चढवला आणि सगळं वजन टाकलं. बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला आणि इदवाल तोंडावर आपटता आपटता वाचला. त्याने बोल्ट बाहेर काढून उजेडात धरला. आट्यांत पिवळट, चिकट काहीतरी भरलेलं होतं.

"हे तू लावलंस?"

"त्याच्या बाजूला मी कधीच चरबी लावली नाही." एलुनेदने बोल्ट नाकाशी नेला. ओल्या मेंढीचा वास. तिला तो अर्ध्यात संपणारा डबा आठवला.

"चोर कुठला," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला तिला तेलकट बाहीच सापडली.

"मग वरून डांबर कशाला फासायचा?"

"मला कळू नये म्हणून. आणि मी तीन वर्षं नुसतं डांबरच फासत बसले."

इदवालने दुसऱ्या बोल्टला पाना लावला. तोही तसाच निघाला.

ऑगस्टात गाडी माळावर आपल्या रांगेत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि जुने शेजारी ओले बूट दारात काढून आत शिरले. तो वाद सगळ्यांना तोंडपाठ होता. शेजारच्या गाडीतल्या नेस्टाने फोडीला लोणी लावत विचारलं, "पाटा बदललास म्हणे. मग शेवटी खरं कुणाचं निघालं, चरबीचं की डांबराचं?"

गाडीत सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"डांबराचं," एलुनेद म्हणाली, आणि पाठ फिरवून किटली भरायला लागली.